खुडणीचे हात

रोगट तंबाखूचा रस आमेरोंगन गावच्या शाळामास्तरांनी सच्छिद्र चिनीमातीच्या नळीतून गाळला. तिच्यातून एकही जंतू पार होत नाही म्हणे. तरी तो रस टोचलेलं रोप दहा दिवसांत पिवळं-हिरवं ठिपकाळलं.

"मग आत शिरलं तरी काय, मास्तर?" तंबाखू पिकवणाऱ्या हेन्ड्रिकानं विचारलं.

"जंतूहून बारीक काहीतरी, बाई. बाहेर मेल्यागत पडून राहतं. जिवंत पानात शिरलं की वाढतं."

"शिरतं कसं?"

"जखमेतून. रसानं चिकटलेली बोटंही पुरतात."

तिनं आपली चिकट बोटं न्याहाळली. आजारी रोपांचे फुटवे आधी खुडायचे, निरोगी मागाहून, ही सासऱ्यांची रीत. आज सकाळीच तिनं अख्खं शेत तसंच खुडलं होतं.

तिनं वळून शेताकडे पाहिलं. मोजकी ठिपकाळलेली सोडली, तर बांधापर्यंत बाकी सगळी रोपं टवटवीत होती. आणखी दहा दिवस ती तशीच दिसणार होती.