काठ आत घालून

आमची नात पहिलीत गेली त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर जगाचा नकाशा आला आणि ताटं ठेवायला जागा उरली नाही. सुनेनं तो चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून पक्का केला होता. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो आणि कुठं कुठं जायचं ते ठरत होतं. घरातली सगळीच माणसं पहिल्यांदा परदेशी निघाली होती. म्हणजे, हे सोडून.

"बाबा, तुम्ही नुसतं बोट ठेवा," सून म्हणाली. "जिथं तुमचं बोट, तिथं आपली स्वारी."

ह्यांचा डावा हात ताटाखाली होता. तो काही बाहेर आला नाही.

"माझं काय विचारता? मी बघून बसलोय सगळं. तुम्ही ठरवा."

"म्हणून तर तुम्हाला विचारायचं! आमच्यात फॉरेन रिटर्न माणूस तुम्ही एकटे."

गल्लीत ह्यांना फॉरेनकाका म्हणत. हे वेल्डर. आमचा मुलगा रांगत होता तेव्हा एका एजंटानं ह्यांना परदेशातल्या गोदीत कामाला लावून दिलं. अख्खी गल्ली स्टेशनवर सोडायला आली होती. दोन वर्षं राहून हे परत आले, तेव्हा मुलगा ह्यांना बघून माझ्या पदराआड लपला. येताना ह्यांनी एक जाड, तांबडं ब्लँकेट आणलं. त्याच्या काठाला इंग्रजी अक्षरं विणलेली होती. मला तेव्हा कुठलीच अक्षरं येत नव्हती. परकी अक्षरं, म्हणजे वस्तू परकी, एवढं मला कळत होतं.

ते ब्लँकेट मी किती मिरवलं! कुणाकडे पाहुणा आला, कुणाला दवाखान्यात ठेवलं, की मी आपणहून नेऊन देत असे. "विलायती आहे हं, जपून वापरा." वरच्या मजल्यावर माझी थोरली जाऊ राहत होती. दीर कचेरीत कारकून. एकदा ते आजारी पडले तेव्हा ब्लँकेट देताना मी जाऊबाईंना म्हणाले होते, "भावोजींना काय, कचेरी आणि घर. एखाद्याच्या नशिबात गल्लीबाहेर पडणंच नसतं." जाऊबाईंनी ब्लँकेट घेतलं. चार दिवसांनी ब्लँकेट परत आलं ते नीट घडी घालून, काठ आत घालून. हेही मला तसंच सांगत, "काठ आत घालून घडी घाल, उन्हानं रंग जातो." मी घालत असे.

पुढे मुलाचं लग्न झाल्यावर त्याच जाऊबाईंनी मला अक्षरं शिकवली. आधी आपली. मग नात बालवाडीत जायला लागली तशी तिच्या जोडीनं मी इंग्रजीही गिरवू लागले. म्हातारपणी शिकलेल्या माणसाला दिसेल ते वाचायची खोड लागते. फ्रीज वाचला, कुकर वाचला, शिलाई मशीन वाचलं. एका दुपारी ब्लँकेट उन्हात घातलं आणि काठ वाचायला घेतला. पहिला शब्द काही लागला नाही. ते ब्लँकेट विणणाऱ्या गिरणीच्या मालकाचं नाव होतं, हे मागून कळलं. दुसरा शब्द लागला. ते एका गावाचं नाव होतं. आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी जी एसटी थांबते, तिच्या कपाळावर रोज लिहिलेलं असतं ते गाव. रात्री बसलं की सकाळी उतरायचं, इतकंच लांब.

मी तशीच उठून वर गेले. जाऊबाई पेपर वाचत होत्या.

"जाऊबाई, ब्लँकेटवरचं तुम्ही वाचलं होतं?"

त्यांनी चष्मा काढला. "अगं, वाचता आलं म्हणून सगळं मोठ्यानं वाचायचं नसतं."

त्या कधीच मोठ्यानं बोलल्या नाहीत. आणि मी त्यांना काय काय बोलले होते! त्यांच्यासमोर मला उभं राहवेना. जिना उतरताना गल्लीतलं एकेक घर आठवत होतं. ज्यांच्या ज्यांच्या घरी ब्लँकेट गेलं, त्यातल्या निम्म्यांना वाचता येत होतं. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. आणि मी आपली सांगत होते, जपून वापरा.

ह्यांना मी काही विचारलं नाही. एजंट पळाला असेल. हे परत यायला निघाले असतील आणि स्टेशनवर हात हलवणारी गल्ली डोळ्यांपुढे आली असेल, म्हणून त्या गिरणीच्या गावातच दोन वर्षं काढली असतील. कुणाकुणाबरोबर निरोप यायचे, "बरा आहे, काम चालू आहे." ते काही खोटं नव्हतं. गिरणीच्या बॉयलरवर डागडुजी चालूच असणार.

तर असं सगळं मनात असताना समोर तो नकाशा.

मुलगा म्हणाला, "पहिलं आपण बाबांचं शहर घेऊ या. गोदी बघू, बाबा राहायचे तो भाग बघू. मग तिथून पुढे कुठंही."

"गोदीत काय बघायचंय?" हे म्हणाले. "लोखंड आणि गंज. ते काय सहलीचं ठिकाण आहे? उद्या म्हणशील, माझं वर्कशॉप बघायला चला."

"बाबा, आता तिथं उंच उंच इमारती झाल्यात," सून म्हणाली.

"म्हणजे जिने चढणं आलं."

नात हसली. हेही हसले. मला वाटलं, निभावलं. पण सून ऐकेना. तिचा काही दोष नव्हता. तिला सासऱ्यांचं खरंच कौतुक होतं, माहेरी जाऊन सांगत असे.

"तिथं ऊन फार," हे म्हणाले. "भाजून निघतं माणूस. बारा महिने ऊन. नातीला सोसायचं नाही."

"मग एवढ्या उन्हातून तुम्ही ब्लँकेट कशाला आणलंत हो, बाबा?"

तिनं गमतीनंच विचारलं. तोंडात घास होता तिच्या. पण ह्यांचा हात ताटात थांबला. मान आधी लाल झाली, मग कान. सत्तरीला आलेला माणूस, फळ्यापुढं उभ्या केलेल्या पोरासारखा ताटाकडे बघत राहिला.  मुलगा माझ्याकडे बघत होता.

मी ताट खाली ठेवलं.

"ते शहर नको," मी म्हणाले. "त्याचं नावसुद्धा काढू नका माझ्यापुढे. दोन वर्षं माझा नवरा नेला त्यानं. सवत आहे ती माझी. सवतीच्या घरी मी पाहुणी म्हणून जाणार नाही."

"आई, सवत!" सून हसायला लागली आणि माझा चेहरा बघून थांबली. "अहो, पण आता इतक्या वर्षांनी…"

"नाही म्हणजे नाही. जायचं तर बर्फात चला."

"तिची इच्छा नसेल तर राहू दे," हे म्हणाले. "बाईमाणसाचं मन दुखवून कशाला जायचं? बर्फ बरा."

किती चटकन म्हणाले! घसरणाऱ्या माणसानं कठडा धरावा तसे. मला त्यांची लाज वाटली, आणि ती वाटल्याची लगेच माझीच वाटली. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि नकाशावर पांढऱ्या डोंगरांवर बोट ठेवलं. नातीनं तिथं पेनानं गोल केला.

भांडी घासायला मी उठले तेव्हा मुलगा मागून आला. नळ मोठा सोडला आणि हळू म्हणाला, "आई, कशाला मोडता घातलास?"

"अरे, मला खरंच…"

"मला पाचवीपासून माहीत आहे. इंग्रजी सुरू झालं तेव्हा पहिल्या आठवड्यात वाचलं मी ते."

ताट हातातून सुटून मोरीत पडलं. बाहेरून ह्यांनी विचारलं, "काय गं फोडलंस?"

"स्टीलचं आहे, फुटत नाही," मी ओरडून सांगितलं.

"मग माहीत असून तू त्यांना त्या शहराला घेऊन जातोस?" मी मुलाला विचारलं. "फजिती करायला?"

"फजिती कसली? गाइडबरोबर जाणार होतो, त्यांना कोण विचारणार होतं? मला वाटलं, एकदा खरंच नेऊन आणावं. म्हणजे पुढे ते जे काही सांगतील ते सगळं खरंच होईल."

 मी आपली झाकली मूठ सांभाळायला धावले होते. त्या मुठीत काहीतरी ठेवायचं पोराच्या मनात होतं, ते मी होऊ दिलं नाही.

"मग बदल ना आता."

"आता कसं बदलणार? सवत केलीस तू तिची!" तो हसला, पण डोळे पुसत होता. "बघतो काहीतरी. आणि हिला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

पुढचे दोन महिने हे खुशीत होते. गल्लीतली दुसऱ्यांची मुलं परदेशी जायची तेव्हा ह्यांना विचारून जात आणि आली की ह्यांना सांगायला येत. पहिल्यानं येऊन सांगितलेलं हे दुसऱ्याला सांगत. इतक्या वर्षांत ह्यांच्याजवळ पुष्कळ साठलं होतं. विमानतळावर पट्टा काढावा लागतो, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, रांगेत कुणी ढकलत नाही. सुनेनं मोबाइलवर ताडून पाहिलं, सगळं बरोबर निघालं. सून मला म्हणाली, "बघा आई, याला म्हणतात अनुभव." सुनेनं बर्फासाठी ते ब्लँकेट घ्यायचं काढलं, तेव्हा मात्र हे म्हणाले, "राहू दे. जुनं झालंय ते."

मुलानं तिकिटं काढली होती ती विमान बदलून जायची. मध्ये एके ठिकाणी बरेच तास थांबायचं होतं. तिथं उतरेपर्यंत त्यानं नाव सांगितलं नाही. उतरल्यावर सगळीकडे लिहिलेलंच होतं. मी वाचलं, तेच शहर. ह्यांनीही पाटी बघितली आणि खिशातून रुमाल काढला.

एक लांबच्या लांब काचेची भिंत होती. पलीकडे विमानं, त्यापलीकडे समुद्राची कड आणि कडेनं उंच उंच क्रेन, एकामागं एक, दिसतील तिथपर्यंत.

"बाबा, ती गोदी," मुलगा म्हणाला. मग बायकोला आणि पोरीला म्हणाला, "चला, आपण खाऊ बघू." सून मागे वळून बघत होती, तिला थांबायचं होतं. त्यानं तिला हाताला धरून नेलं.

आम्ही दोघंच राहिलो. हे काचेला जवळजवळ नाक लावून उभे होते. एका क्रेनवर कुठंतरी वेल्डिंग चाललं असावं. ठिणगी दिसायची, विझायची, परत दिसायची. आयुष्यभर तेच काम केलेला माणूस. त्यांचे ओठ हलत होते.

"केवढं मोठं असतं गं हे," ते म्हणाले.

मी दोन महिने मनाशी ठरवत होते, काय बोलायचं आणि काय नाही. ऐन वेळी तोंडातून निघून गेलं, "पहिल्यांदा बघितलं की वाटतं तसं."

ते वळले नाहीत. काचेवर त्यांचा श्वास उमटला होता तो हळूहळू गेला.

"कधीपासून?"

"एका दुपारी उन्हात घातलं होतं तेव्हा. वाचता आलं."

"हं." मग क्रेनकडे बघतच म्हणाले, "तुला वाचता येत नव्हतं, तेवढाच आधार होता मला."

रागानं नाही म्हणाले. कुणी चोरी झालेल्या घरात शिरून, काय काय गेलं ते सांगावं, तसं म्हणाले. इतकी वर्षं मला निरक्षर असल्याची लाज वाटत आली होती. तिथं त्या काचेपाशी पहिल्यांदा अक्षरं शिकल्याची वाटली. मला सांगायचं होतं की गल्लीला माहीत आहे, जाऊबाईंना माहीत होतं, पोराला पाचवीपासून माहीत आहे आणि तरी त्यानं इथं आणलं. काही सांगितलं नाही. जाऊबाईंचं ऐकलं. ह्यांच्या हातातली पिशवी तेवढी मी घेतली. ती त्यांनी सोडली.

सून धावतच आली. "बाबा, ओळखू येतंय का काही?"

"नाही गं," हे म्हणाले. "मी असं काही कधी पाहिलंच नव्हतं."

"किती बदललं असेल ना!"

"असेल."

मुलगा बाजूला उभा होता. त्यानं हातातला चहाचा पेला वडिलांना दिला आणि दोघं बाप-लेक काचेकडे तोंड करून चहा प्यायले.

बर्फ पाहिला. छान होता. नातीनं फोटो काढले, त्यात हे सगळीकडे टोपी कानांवर ओढून उभे आहेत. परत आल्यावर गल्लीतला एक मुलगा परदेशी जायचं म्हणून विचारायला आला, तेव्हा ह्यांनी त्याला सांगितलं, "मला काय विचारतोस? मी एकदाच गेलोय, तेही पोरानं नेलं म्हणून." तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी चहा टाकायला आत गेले.

ब्लँकेट आता मी कुणाला देत नाही. रोज मीच पांघरते आणि सकाळी काठ आत घालून घडी घालते.

जाऊबाई गेल्या त्याच हिवाळ्यात, आम्ही परत आल्यावर महिन्याभरानं. हे गेले ते नात तिसरीत गेली त्या वर्षी, शाळा उघडली त्या आठवड्यात, दुपारी झोपेत.