ताईचा गळका थर

मुलं मोठी झाल्यावर ताई प्रयोगशाळेत कामाला लागली, तीही धाकट्या बहिणीच्या हाताखाली. लहानपणी जिचे कान उपटले, तिच्याकडून आता ताई रजा मागायची. दोघींनी ते हसण्यावारी नेलं होतं.

काम सांगायला सोपं. प्लास्टिकच्या छोट्या वाटीला तळाऐवजी बारीक छिद्रांचा पडदा असतो. त्यावर आतड्याच्या पेशी वाढवायच्या आणि वाटी पोषक द्रवाच्या खळग्यात टांगून ठेवायची; आतला-बाहेरचा द्रव अधूनमधून बदलायचा. थर दाट जमला की वाटीत पिवळा रंग घालायचा आणि खाली किती झिरपला ते मोजायचं. थर धड असेल तर रंग जेमतेम उतरतो. मग त्याच्यावर औषध तपासायचं.

ताईच्या वाट्यांतून रंग सरळ खाली जायचा. प्रत्येक खेपेला. आता दुसरं कुणी शोधावं लागेल, असं प्रयोगशाळेचे साहेब बोलून गेले होते.

पुढची खेप मात्र उत्तम निघाली. ताई हुरळून गेली. वाट्या टाकून देताना तिला आठवलं की पेशी घालताना एकीचा काठ तिच्या हातून चिरला होता, आणि इथे तर सगळे काठ धड होते.

तिने धाकटीला गाठलं. धाकटीने आधी उडवाउडवी केली, मग कबूल केलं: ताईच्या वाट्या फेकून तिने स्वतःच्या ठेवल्या होत्या.

"तुला काढून टाकलं असतं गं."

"टाकू दे. पण माझ्या नावावर तुझे आकडे नकोत. आधी साहेबांना सांग. मग माझ्याशेजारी उभी राहा आणि मी काय चुकते ते बघ."

साहेबांनी धाकटीला चांगलंच फैलावर घेतलं. ती लाल चेहऱ्याने परतली आणि ताईजवळ उभी राहिली. द्रव बदलताना ताईने जुना द्रव काढला आणि रिकाम्या झालेल्या वाटीभोवतीचा खळगा आधी भरायला घेतला.

"थांब. आधी वाटीत घाल, मग बाहेर. नाहीतर खालचा द्रव पडद्याला वर ढकलतो, पेशी सुटतात."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू ताई, तुला मी काय शिकवणार?" धाकटी पुटपुटली. "तू कसं करतेस ते मी कधी बघितलंच नाही."

ताईला राग आला आणि हसूही.

पुढच्या खेपेला एक सोडून सगळ्या वाट्या टिकल्या. ती एक का गळली, ते दोघींनाही कळलं नाही.