टाकीला वास येत होता

तोंडावर तिला सगळे बाई म्हणत, पाठीमागे नाकवाली. नवरा गेल्यावर वाइनचा कारखाना तिनं एकटीनं चालवला तो नाकाच्या जोरावर. द्राक्षाचा रस टाकीत आंबायला लागला की रोज सकाळी ती झाकण उचलायची, खोल श्वास घ्यायची आणि यीस्टचं पोट भरतंय की नाही ते सांगायची. यीस्ट साखर खाऊन दारू करतं, पण नुसत्या साखरेवर जसं पोर वाढत नाही तसंच यीस्टचंही. त्याला नायट्रोजन लागतो. रसात तो कमी पडला की टाकीतून कुजक्या अंड्यांचा वास यायला लागतो. तो पुसटसा जाणवला, की ती लगेच यीस्टच्या खाण्याची पावडर घालायला लावायची. रस तपासायला प्रयोगशाळेत पाठवणाऱ्यांना ती हसायची.

हिवाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. तिनं वाफारे घेतले, नाकात थेंब घातले, काही उपयोग झाला नाही. सांगायचं कुणाला? स्वयंपाकघरात दूध तळाला लागलं की सून धावत यायची आणि ही बसल्या जागेवरून म्हणायची, "मला केव्हाच वास आला होता."

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. वेली उपाशी राहिल्या. रस गोडमिट्ट, पण त्यात दुसरं सत्त्व नाही.

"आई, यंदा रस तपासून घेऊ या का?" मुलानं विचारलं.

"का? मी मेले का?"

टाकी फसफसायला लागली. तिनं झाकण उचललं, श्वास घेतला. काहीच नाही, जणू भिंतीला नाक लावलं. तिनं हळूच मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा दगडासारखा. म्हणजे सगळं ठीक, असं ती धरून चालली.

"झकास चाललंय," ती म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं."

पुढे फेस बसला, टाकी गार पडली. तिनं घोटभर चाखून पाहिलं. जीभ शाबूत होती. वाइन अजून गोड होती, म्हणजे साखर संपायच्या आधीच यीस्टनं हातपाय गाळले होते. आता तिनं पावडर ओतायला लावली, नेहमीपेक्षा जास्तच. पण स्वतःच केलेल्या दारूत अर्धमेल्या झालेल्या यीस्टला ती पचेना. मग ताजं यीस्ट सोडलं, तेही मेलं. शेवटी वाइन आंबट व्हायला लागली.

टाकीपाशी दोघंच होते तेव्हा तिनं विचारलं, "तुला वास येत होता?"

"पहिल्यापासून. दारातच यायचा."

"मग दातखीळ बसली होती का?"

"कॉलेजात असताना एकदा अशाच वासाबद्दल बोललो होतो. तू कामगारांसमोर म्हणालीस, आधी शेंबूड पूस, मग मला शिकव. सगळे हसले. तेव्हापासून मला वाटतं, चूक माझ्याच नाकाची असणार."

तिला ते आठवतही नव्हतं. तिनं टाकीला हात टेकला.

"मला वास येत नाही रे. तापापासून."

तो म्हणाला, "एवढं सांगायचं होतंस गं." जवळ मात्र आला नाही.

ती सगळी वाइन कवडीमोलानं स्पिरिटच्या भट्टीवर गेली. पुढच्या हंगामापासून रस प्रयोगशाळेत जायला लागला. पावडर कधी आणि किती घालायची ते मुलगा ठरवू लागला. तिला कुणी काही विचारेना.

फक्त गिऱ्हाईक येणार असलं की तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहायचा.

"आई, लोकांसमोर तेवढं नाक लावून दाखव. ते तुझ्या नावावर येतात. जांभळाचा वास, शेवटी जरासा मिऱ्याचा. एवढंच म्हण."

ती साडी नीट करून बाहेर यायची. पेला नाकाशी धरायची, डोळे मिटायची, जुन्या सवयीनं थोडं थांबायची.

"जांभूळ," ती म्हणायची. "आणि शेवटी जरासं मिरं."