चार माणसांत पेटणारा गीझर

ओफेलियाबाईंचा गॅसचा गीझर चार माणसं जमली की छान पेटायचा आणि बाई एकट्या असल्या की विझायचा. मूठ दाबून धरायची, ठिणगी पाडायची, मूठ सोडायची. पायलटची, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत उभी राहायची. मग भांड्यांसाठी गरम पाणी सोडलं की थोड्या वेळाने ज्योत गायब.

एरवी आमच्या अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकात असं झालं तर माणूस टॉवेल घेऊन शेजारी आंघोळीला जातो. पण रविवारी बाईंचा मुलगा ओस्वाल्दो जेवायला येणार होता. त्याने फोनवर बजावलं होतं, "आई, तुला साधा गीझर सांभाळता येत नसेल, तर मी वृद्धाश्रमात जागा बघतो. रोज संध्याकाळी तुझं डोकं दुखतं, गरगरतं, बोलता बोलता विसरतेस. वय झालं तुझं."

मी वरच्या मजल्यावर राहते. मी म्हटलं, "बाई, परवानावाल्या मिस्त्रीला बोलवा."

एवढं जिन्यात ऐकू गेलं आणि मिस्त्री कंपनीला कळवेल या धास्तीने अर्धी इमारत बाईंच्या स्वयंपाकघरात आली. पलीकडच्या गल्लीत एकीने गॅसची तक्रार केली होती, तर कंपनीने अख्ख्या इमारतीचा गॅस तोडला. जुलैच्या थंडीपासून पार उन्हाळ्यापर्यंत लोकांनी विजेच्या शेगडीवर अंडी उकडली. त्या बाईशी लिफ्टमध्ये अजून कोणी बोलत नाही.

"मिस्त्री कशाला? मी मेलोय का?" बँकेतून निवृत्त झालेले अन्सेल्मो म्हणाले. त्यांनी सिगारेट पेटवली, बायकोच्या टूथब्रशने पायलटचं तोंड घासलं. ज्योत टिकली. टाळ्या झाल्या, माते या कडू चहाचा पेला हातोहात फिरला. सगळे गेले, बाईंनी खिडकी लावली, भांडी घासायला घेतली. ज्योत गेली.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या ग्रासिएलाने तातडीच्या कामांच्या संताचं चित्र गीझरवर चिकटवलं. अन्सेल्मो बघायला आले. ज्योत टिकली.

"बघितलंत? संताची कृपा!"

"कृपा कसली? ब्रश मी मारलाय!"

दोघं भांडत गेले आणि ज्योत विझली. ती कुणाच्याच बाजूची नव्हती.

बाई मला हळूच म्हणाल्या, "अगं, संत येवो न येवो, हा अन्सेल्मो सिगारेट फुंकत बसला की पेटतं. धुराने माझा जीव घुसमटतो, म्हणून मी तेव्हा खिडकी उघडते."

"म्हणजे खिडकीच्या हवेने टिकतं," मी म्हटलं. मग मी झाडूंचं कपाट सरकवलं. मागे भिंतीतली हवेची जाळी. तिच्यावर जाड फोम आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी, अगदी कोपरे दुमडून, प्रेमाने लावलेली.

"हे कोणी केलं?"

"ओस्वाल्दोने. थंडी सुरू झाली तेव्हा. म्हणाला, आई, गारठशील."

गीझर बिचारा शहाणा. कोंडलेल्या खोलीत जळक्या गॅसचा बिनवासाचा विषारी वायू साठून हवा बिघडली की स्वतःच विझत होता. बाईंना विझता येत नव्हतं, त्यांचं नुसतं डोकं दुखत होतं.

बाईंनी पट्टी ओरबाडून काढली आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मिस्त्रीलाही बोलावलं. तो धुराड्याची नळी तपासत होता तोवर जिन्यात कोणी श्वास घेतला नाही. "ठीक आहे, जाळी उघडी ठेवा," म्हणून तो गेला, तेव्हा ग्रासिएलाने संताला मेणबत्ती लावली. त्या दिवसापासून बाईंची संध्याकाळची डोकेदुखी थांबली.

रविवारी राव्हिओली खाताना ओस्वाल्दोने कोटाची कॉलर वर केली. "वारा कुठून येतोय? आई! तू ती पट्टी काढलीस?"

"काढली."

"गारठून मरशील!"

"गारठून मरताना कळतं तरी, बाळा."

त्याला काही उमजेना. मग बाईंनी त्याला सगळं सांगितलं, आवाज न चढवता, वर सॉस वाढत. त्याचा घास ताटातच राहिला.

"ते वृद्धाश्रमाचं..." तो म्हणाला.

"ते राहू दे. भांडी घास."

तो उठला. कोट काढून बाह्या सरसावल्या आणि गरम पाणी सोडून घासत राहिला. सगळी भांडी संपली, तरी धुतलेले पेले पुन्हा धुवायला घेतले. मधूनमधून मान वर करून तो ज्योतीकडे बघत होता.

"पुरे रे," बाई म्हणाल्या, "गॅसचं बिल मला भरायचंय."