बिनमाळवदाचं घर

सुग्रीव नगरपालिकेचा शिपाई. कुठलाही हुकूम निघाला की गळ्यात हलगी अडकवून गावभर ओरडत फिरायचं काम त्याचंच. एकोणीसशे सत्तावन्नच्या फाल्गुनात त्याने पेठेत दवंडी दिली. नव्या रस्त्याची आणि गटारांची आखणी होईपर्यंत, म्हणजे सहा महिने, गावात कुणी भिंत रचायची नाही की छत घालायचं नाही.

हुकूम खुळा नव्हता. आदल्या साली पटकीने बावीस माणसं नेली, त्यात सुग्रीवची बायकोही गेली. बोळांत सांडपाण्याला वाटच नव्हती. अध्यक्ष व्यंकटरावांनी ठराव मांडला तेव्हा दाराशी उभ्या सुग्रीवला मनापासून बरं वाटलं होतं. स्वतःच्या बोळात शिरल्यावर मात्र त्याचा आवाज बसला. त्याच्या नव्या घराच्या भिंती उभ्या होत्या, चौकटीची पूजा झाली होती, नुसतं माळवद, म्हणजे वरचं मातीचं छत, घालायचं राहिलं होतं.

घर बांधलं होतं ते आईसाठी. सारजाबाईने जन्म भाड्याच्या खोल्यांत काढला, चूल पेटवायची तीही घरमालकिणीचा चेहरा बघून. आता ती अंथरुणाला खिळली होती आणि वैद्याने आशा सोडली होती. जीव जायचा तो आपल्या घरात जावा, एवढंच तिचं मागणं होतं.

"चार दिवसाचं काम हाय," बन्सीधर गवंडी म्हणाला. "तू हापिसातला माणूस. कोन इचारतंय तुला?"

सुग्रीवचं मन डळमळलं. त्याने आईच्या कानावर घातलं.

"दवंडी कोनं देली?" म्हातारी कडाडली. "लोकायला बंद अन् तुला उघडं व्हय रे? तुझी बायको कशापायी गेली?"

सुग्रीवला त्या हलगीचाच राग आला. थोड्या वेळाने आई हळूच म्हणाली, "बांधू नको म्हणलंय. ऱ्हाऊ नको असं न्हाई म्हणलं. ने मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बाज नव्या घरात आली. सुग्रीव उन्हाला आडोसा म्हणून वर धोतर बांधायला निघाला तर तेही तिने करू दिलं नाही, म्हणे लोक त्यालाच छत म्हणतील. मग भिंतीची सावली सरकेल तशी सुग्रीव दिवसभर बाज सरकवत राहिला.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी कागाळी केली की शिपायाच्या घरात बिऱ्हाड आलंय, म्हणजे छतही घातलं असणार. व्यंकटराव तडक आले. चौकटीपाशी येऊन त्यांनी आत पाहिलं, वर पाहिलं. वर उघडं आभाळ होतं. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही.

"सारजामाय, मी व्यंकटराव. आत येऊ का?"

अख्खा गाव ज्यांची परवानगी मागत होता, ते तिची परवानगी मागत होते. सत्तर वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने डोक्यावर पदर घेतला.

"इजाजत हाय. या, साहेब. सुग्रीव, पाव्हण्याला पानी आन."

व्यंकटराव जमिनीवरच बसून पाणी प्यायले. ऊन बाजेवर आलं तेव्हा एका बाजूने त्यांनी हात लावला आणि दोघांनी मिळून बाज सावलीत घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. बंदी उठायला अजून जवळजवळ सहा महिने होते. पण सारजाबाईची तिरडी तिच्या स्वतःच्या उंबऱ्यावरून निघाली, आणि सुग्रीव त्या चौकटीला धरून पोटभर रडला.