जिन्यावरचा पुकारा

शहराचं फौजदारी कोर्ट नव्या इमारतीत गेलं आणि जुन्या कोर्टाचं संग्रहालय झालं. ज्या पिंजऱ्यात माणसं घाम पुसत उभी राहिली, तिथे आता लोक दात काढून फोटो काढत होते. ते बघून धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आज आईला सोबत आणलं होतं, म्हणून तिने जीभ आवरली.

आईला जिना झेपेना. ती खालीच साक्षीदारांच्या बाकावर टेकली. याच बाकावर ती एकदा सबंध दिवस बसली होती. थोरल्या मुलावर गोदाम फोडल्याचा आळ होता, आणि त्या रात्री तो तापाने फणफणत घरात पडला होता हे सांगणारी ती एकटीच. रीत अशी, की साक्षीदारांनी खाली बसायचं आणि शिपायाने जिन्याच्या तोंडाशी येऊन तीनदा पुकारा करायचा. आईला पुकारा ऐकूच आला नाही. 'साक्षीदार गैरहजर' असा शेरा पडला, आणि थोरला तुरुंगात गेला तो जिवंत परत आलाच नाही. आत्या चारचौघांत म्हणाली, "पोटच्या पोरासाठी कान उघडे ठेवता आले नाहीत हिला!" तेव्हापासून आई रोज झोपताना कानात तेल घालते. दोष आपल्या कानांचाच, हे तिने कधीच कबूल करून टाकलं होतं.

धाकटी एकटीच वर गेली. दालनात सत्कार चालला होता. सत्कारमूर्ती होता तोच शिपाई, आता पांढऱ्या मिशांचा. त्याच्या अंगावरचा डगला धाकटीनेच शिवला होता. संग्रहालयवाल्यांनी माप पाठवलं होतं, माणूस कोण ते सांगितलं नव्हतं.

"अहो, दिवसभर पुकारेच पुकारे!" शिपाई रंगात आला होता. "दर वेळी जिन्यापर्यंत कोण जाणार? साहेबांचं लक्ष नसलं की दारातच मिशीतल्या मिशीत तीनदा पुटपुटायचं, झालं काम! ज्याच्या नशिबात असेल त्याला ऐकू येईल!"

सगळे खो खो हसले. धाकटी गर्दीतून पुढे सरकली. हसतात काय मेले! हिच्या घरात एक माणूस गेलं होतं, आणि यांना गंमत वाटत होती.

"आता एक खराखुरा पुकारा होऊ द्या!" कुणीतरी ओरडलं.

शिपाई डुलत जिन्याच्या तोंडाशी गेला आणि छाती भरून गरजला, "साक्षीदार हाजीर हो!"

तावदानं थरथरली. एवढा आवाज होता या माणसाकडे! मग तेव्हा कुठे शेण खायला गेला होता?

तिसऱ्या हाकेला खालून उत्तर आलं. "आले, साहेब! इथेच आहे मी!" कठडा धरून, धापा टाकत आई जिना चढत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला.

धाकटीने शिपायाची बाही धरली. तिनेच घातलेली शिवण टरकन उसवली.

"ही माझी आई. गोदामाच्या खटल्यातली साक्षीदार. दिवसभर खाली बसली होती आणि तिला काही ऐकू आलं नाही. त्या दिवशीही दारातच पुटपुटलात ना? सांगा तिला. आत्ता मारलीत ना हाक, तेवढ्याच मोठ्याने सांगा."

टाळ्या विरल्या. शिपायाने धाकटीकडे पाहिलं, मग आईकडे. त्याची मिशी नुसती हलली.

"काय म्हणाले गं?" आईने कानामागे हात धरला. तिचा चेहरा कसनुसा झाला. "बघ, मला पुन्हा ऐकू नाही आलं."

"तुझे कान चांगले आहेत, आई," धाकटी म्हणाली. "तेव्हाही चांगलेच होते. हा बोललाच नाही."