उलटं झबलं

आमच्या घरात कुणाला काहीही विचारा, उत्तर तयारच असतं. त्या दुपारी बाळ रडायला लागलं तेव्हाही होतं.

सासूबाई म्हणाल्या, "भूक लागलीय तिला. तुझं दूध पुरत नाही, मी कधीची सांगतेय."

"गॅस झाला असेल," नवरा म्हणाला. आम्ही दोघंही शिंपी. खाली दुकान, वर घर, त्यामुळे मत द्यायला त्याला फक्त एक जिना चढावा लागतो.

मी पाजायला घेतलं, तर दोन घोट पिऊन तिने तोंड फिरवलं. ढेकर काढून झाली, लंगोट बदलून झाला, कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. शिलाई मशीनच्या घरघरीने ती एरवी हमखास झोपते, म्हणून नवरा तिला खालीही नेऊन आला. कशाचाही उपयोग नाही. भुकेचं रडणं कुरकुरत सुरू होतं, झोपेचं रेंगाळत येतं, एवढं मला आता कळू लागलं होतं. हे निराळंच होतं. मध्येच श्वास धरायची आणि एकदम किंचाळायची.

सासूबाईंनी डब्याच्या दुधासाठी पाणी उकळायला ठेवलं. मी नको म्हणाले नाही. त्यांचंच खरं असलं तर? आपल्याच लेकराला आपण उपाशी ठेवतोय की काय? राग गिळून मी बाटली धुवायला घेतली.

तेवढ्यात खालून गिऱ्हाइकाने हाक मारली, कोटाची कॉलर मानेला टोचतेय म्हणून. बाळाला झुलवत नवरा जिन्यातूनच ओरडला, "काढून ठेवा, उलटा करून बघतो."

मी बाटली तशीच सोडली आणि बाळाला त्याच्याकडून घेतलं. एव्हाना तिला पाजून, थोपटून, फिरवून झालं होतं, पण कपडे काढून कुणीच पाहिलं नव्हतं. टोपी, झबलं, मग मोजे. डावा मोजा काढला. अंगठ्याशेजारच्या बोटाला दोऱ्याचा वेढा बसला होता. बोट सुजून जांभळं पडलं होतं.

मोजे नवऱ्यानेच शिवलेले, उरलेल्या मऊ कापडाचे. वरून असे देखणे की शेजारणींनी मागून घ्यावेत. आत मात्र दोरे लोंबत होते. "आत कोण बघतंय?" हे त्याचं नेहमीचं वाक्य. त्यावरून आमची किती भांडणं झालीत, विचारू नका.

धागे तोडायची छोटी कात्री त्याने घेतली, पण लगेच माझ्याकडे दिली. शेवटी दोरा मीच कापला. बोट हळूहळू लाल झालं, आणि ती हुंदके देत गप्प झाली. मग इतकी प्यायली की दूध ओठांतून ओघळलं. मी रडत होते आणि हसतही होते. लगेच डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी बोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "वेळेवर सापडलं. काळजी नको."

घरी आल्यावर सासूबाईंनी उकळलेल्या पाण्याचा चहा केला. पहिला कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "पुरतंय हो तुझं दूध."

आता लेकीला आम्ही सगळे कपडे उलटे घालतो, शिवण बाहेर, दोरे बाहेर. परवा एका गिऱ्हाइकाने नवऱ्याला हटकलं, "एवढे नावाजलेले शिंपी तुम्ही, आणि पोरीचं झबलं उलटं?"

त्याने मशीन थांबवलं नाही. "तिच्या अंगाला लागते ती सुलट बाजू," तो म्हणाला.